फोटोतल्या चपलेचा रंग बदलताना: आधी उजेड, मग रंग

"भावा, टॅनचा एक जोड पाठवलाय. मरून आणि काळा तूच काढ की त्यातनं. दोन मिनिटांचं काम हाय!"

कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधून, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीतून, फोटोसोबत असा निरोप मला आठवड्यातून एकदा तरी येतो. काम दोन मिनिटांचं नाही, पण फार अवघडही नाही. पहिल्या जोडाला तासभर धरा, हात बसला की वीस मिनिटं. हल्ली बरेच दुकानदार किंवा त्यांची पोरं स्वतःच करून बघतात आणि फसलं की फाइल घेऊन येतात. फसण्याची तऱ्हा ठरलेली असते. मरून करायला घेतलेली चप्पल विटक्या गुलाबी रंगाची होते, काळी केलेली डांबरात बुडवून काढल्यासारखी दिसते, आणि दोन्हींच्या कडेला जुन्या टॅनची, म्हणजे फिक्या तपकिरीची, बारीक किनार शिल्लक राहते.

याचं कारण म्हणजे फाइल उघडल्या उघडल्या ह्यूची, म्हणजे रंगछटेची, पट्टी सरकवायला सुरुवात होते. ती पट्टी सगळ्यात शेवटी हातात घ्यायची असते.

खाली फोटोशॉपमधली नावं वापरली आहेत. ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या फोटोपीमध्ये मेनू जवळजवळ तसेच आहेत. गिम्प या फुकट प्रोग्रॅममध्ये जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

१. कोणता जोड फोटोला घ्यायचा

निवड करता येत असेल तर मधल्या रंगाचा जोड घ्या. फार गडद नको, अगदी पांढराही नको. कोल्हापुरीचा नेहमीचा टॅन यासाठी उत्तम. त्यात कातड्याचे कण, वेणीचे पदर, कडेची शिलाई सगळं दिसतं, आणि तिथून गडद किंवा फिकट दोन्हीकडे जाता येतं. काळ्या जोडाचा फोटो काढून त्याचा लाल करायला जाऊ नका. काळ्यात जे दिसतच नाही ते नंतर आणता येत नाही; ओढून आणलंत तर कातड्याऐवजी दाणेदार खरखर येते.

दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. जो रंग करायचा आहे त्या रंगाची खरी चप्पल, नाहीतर कातड्याचा तुकडा, त्याच जागी आणि त्याच उजेडात ठेवून एक फोटो काढा. तो कुठे छापायचा नाही, फक्त मोजायला हवा. "मरून म्हणजे आपला तो मरून" एवढ्यावर काम केलं की तीन वेळा परत येतं, कारण तुमचा मरून आणि गिऱ्हाइकाचा मरून एक नसतो.

आणि जो रंग दुकानात नाही, कारागीर करूनही देणार नाही, तो फोटोत करू नका. पार्सल परत आलं की जाण्यायेण्याचा खर्च तुमच्याच खिशातून जातो.

२. उजेड

अरुंद दुकानात आत पिवळा दिवा, वर पांढरी एलईडी आणि दारातून दिवसाचा उजेड असे तीन उजेड एकत्र असतात. अशा फोटोत चपलेची एक बाजू पिवळट आणि दुसरी निळसर असते. मग एकाच आकड्याने रंग बदलला की डावी चप्पल मरून आणि उजवी वांगी रंगाची होते. आतले दिवे बंद करा. दारात, सावलीत, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. पावसाळ्यातलं ढगाळ आकाश तर वरदानच आहे, सावल्या मऊ येतात. संध्याकाळी रंकाळ्यावर काढलेले फोटो दिसायला झकास असतात, पण तो सोनेरी उजेड रंगाच्या कामाला निरुपयोगी.

खाली करड्या किंवा पांढऱ्या रंगाचा कागद अंथरा. लाकडी फळीवर ठेवलेली टॅन चप्पल संगणकाला फळीचाच भाग वाटते. लाल गालिच्यावर ठेवली तर गालिच्याचा लाल तळाच्या कडेला चढतो.

मोबाइल वापरत असाल तर प्रो मोड लावा. आयएसओ १०० च्या आसपास ठेवा आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाचा पिवळट-निळसरपणा सावरणारी सोय) एकदा ठरवून पक्का करा, म्हणजे दर फोटोला बदलणार नाही. फोटो आपोआप खुलवणारी सगळी बटणं बंद. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, मिळत असेल तर तीच घ्या.

> सावध: व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत या कामाला घेऊ नका. जेपेगमध्ये उजेडाची माहिती बारकाईने साठवतात आणि रंगाची ढोबळपणे. बऱ्याच फाइलींमध्ये तर चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद असते. एरवी ते डोळ्याला कळत नाही, पण रंग लांब सरकवला की चौकोनी ठोकळे वर येतात. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

३. स्क्रीन आणि फाइल तयार करा

रात्री स्क्रीन पिवळी करणारी सोय बंद करा. हसू नका. मी स्वतः एकदा तिच्यापायी अख्ख्या कॅटलॉगचे रंग निळ्याकडे झुकवून बसलो होतो. स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवा आणि तिच्यावर खिडकीचा झोत पडू देऊ नका.

फाइल उघडल्यावर आधी व्हाइट बॅलन्स नीट करा. करड्या कागदावर ड्रॉपर (रंग वाचायचं साधन) टेकवला की आर, जी, बी (लाल, हिरवा, निळा) हे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. मोजण्यासाठी काढलेल्या फोटोवरही हीच दुरुस्ती करा. मग इमेज मेनूतून १६ बिट मोड निवडा. त्याने नवा तपशील येत नाही, पण पुढच्या उलथापालथीत रंगांचे पट्टे पडायचं प्रमाण कमी होतं. शेवटी कंट्रोल + जे दाबून लेअरची, म्हणजे फोटोच्या थराची, प्रत करा. मूळ लेअरला कुलूप लावा आणि त्याला विसरून जा.

४. आकडे वाचा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

ड्रॉपरचा सॅम्पल साइज '११ बाय ११ अॅव्हरेज' करा. एकाच पिक्सेलचा रंग वाचायची जी मूळ सोय असते ती कातड्यावर चालत नाही. एक कण उजळ, शेजारचा गडद, दर टिचकीला वेगळं उत्तर. जिथे चमकही नाही आणि सावलीही नाही, अशा सपाट जागी टेकवा. कोल्हापुरीत पट्ट्याचा मधला भाग किंवा कान (बाजूला आलेली कातड्याची पाकळी) बरा पडतो.

एका जोडाचे आकडे बघा. टॅन: आर १८४, जी १२४, बी ७४. त्याच जागी ठेवलेल्या मरूनचे: आर ११०, जी २८, बी ३६. ह्यू (छटा), सॅच्युरेशन (रंगाचा तिखटपणा) आणि लाइटनेस (उजेड) यांच्या भाषेत टॅनचा ह्यू साधारण २७ अंश आणि लाइटनेस ५१ टक्के येतो. मरूनचा ह्यू ३५४ अंश आणि लाइटनेस २७ टक्के.

ह्यू ३६० अंशांच्या चक्रावर मोजतात, म्हणून २७ वरून मागे शून्य ओलांडलं की ३५४ येतो. म्हणजे ह्यू सरकायचा आहे जेमतेम ३३ अंश, आणि उजेड मात्र जवळजवळ निम्म्यावर आणायचा आहे. नुसता ह्यू उणे ३३ केला तर साधारण १८४, ७४, ८५ असा रंग मिळतो. हाच तो विटका गुलाबी. पट्टी आणखी कितीही ओढा, मरून सापडणार नाही, कारण तो त्या पट्टीवर नाहीच.

हे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढे लागतात.

५. सिलेक्शन: इथे घाई नको

सिलेक्शन म्हणजे रंग बदलायचा भाग निवडणं. त्याला कोल्हापुरीत एकच साधन पुरत नाही. तळाची कड, कानांची गोलाई आणि अंगठा (बोट अडकवायचं कडं) यांना पेन टूल. रेषा स्वच्छ येते आणि नंतर हलवताही येते. पाथ पूर्ण झाला की कंट्रोल + एंटर दाबून त्याचं सिलेक्शन करा. गोंड्याच्या बारीक दोऱ्यांवर पेन चालवत बसू नका, दिवस जाईल. तिथे सिलेक्ट मेनूतला कलर रेंज वापरा आणि मिळालेलं सिलेक्शन पहिल्यात मिळवा. 'सिलेक्ट सब्जेक्ट'सारखं एका टिचकीचं साधन सुरुवातीला जरूर वापरा, पण अंगठ्याच्या आतली पोकळी आणि वेणीतली भोकं ते हमखास बुजवतं. त्या जागा हाताने मोकळ्या कराव्या लागतात.

काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हे खऱ्या जोडाकडे बघून ठरवा. मरून जोडाची शिलाई मरून असते की पांढरी? जरीची पट्टी सोनेरीच राहते ना? तळाची खालची बाजू तर बहुतेक वेळा कातड्याच्या मूळ रंगाचीच असते. दुकानदार नेमका हाच भाग आधी बघतो. मागे एका फाइलमध्ये मी जरीसकट सगळं मरून केलं होतं. "आमची जर कुठं गेली?" एवढाच एक निरोप आला, आणि रात्री साडेदहाला परत बसावं लागलं.

कड एक पिक्सेल आत घ्या आणि फेदर (कडेचा मऊपणा) अर्धा पिक्सेल ठेवा. मोबाइलच्या फोटोला एवढं पुरतं. फेदर पाच पिक्सेल केलं तर रंग कागदावर सांडतो; शून्य ठेवलं तर चप्पल कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते.

आता लेअर पॅनेलमध्ये एक रिकामा ग्रुप करा आणि हे सिलेक्शन त्या ग्रुपचा मास्क म्हणून लावा; मास्क म्हणजे पांढऱ्या जागी दुरुस्ती दिसू देणारा आणि काळ्या जागी झाकणारा पडदा. ग्रुपचा मोड 'पास थ्रू' राहू द्या. यापुढची प्रत्येक दुरुस्ती या ग्रुपच्या आत होईल, म्हणजे मास्क एकदाच करायचा आणि एकाच जागी दुरुस्त करायचा. प्रत्येक लेअरला वेगळा मास्क लावणारे नंतर एक कड सुधारतात आणि दुसरी विसरतात.

> तपासा: ग्रुपमध्ये तात्पुरता भडक निळ्या रंगाचा लेअर टाका आणि २०० टक्क्यांवर झूम करून कडेकडेने फिरा. कुठे टॅन डोकावतो, कुठे निळा बाहेर सांडलाय, ते लगेच दिसतं. मास्कवरच पांढऱ्या-काळ्या ब्रशने दुरुस्ती करा. मग निळा लेअर काढून टाका.

६. आधी उजेड: कर्व्ह्ज

ग्रुपच्या आत पहिला अॅडजस्टमेंट लेअर (मूळ फोटोला हात न लावता बदल करणारा थर) कर्व्ह्जचा, म्हणजे उजेड वर-खाली करायच्या आलेखाचा. टॅनच्या त्या जागेचा डोळ्याला जाणवणारा उजेड ० ते २५५ च्या मोजपट्टीवर साधारण १३५ आहे, मरूनचा ५५. कर्व्ह्जवर १३५ पाशी बिंदू ठेवा आणि तो खाली ५५ वर आणा. वरचं टोक जागेवरच राहू द्या. त्यामुळे कातड्याची चमक जिवंत राहते.

हेच काम ह्यू-सॅच्युरेशनमधल्या 'लाइटनेस' पट्टीने करू नका. ती पट्टी सगळ्यावर सारखीच काळी साय पसरते. चमकसुद्धा राखाडी होते, आणि तेल लावलेली चप्पल धूळ बसलेली वाटते. फसलेल्या फाइलींपैकी अर्ध्या इथेच फसलेल्या असतात.

या टप्प्याला चप्पल गडद तपकिरी, थोडी भडक दिसेल. दिसू द्या. गडद करताना रंग आपोआप तिखट होतो, त्याचा हिशोब पुढे करायचा आहे.

गिम्पमध्ये फोटोशॉपसारखे अॅडजस्टमेंट लेअर नाहीत. तिथे लेअरची प्रत करा, तिलाच मास्क लावा आणि कर्व्ह्ज त्या प्रतीवर चालवा. २०२५ साली आलेल्या ३.० आवृत्तीपासून असे फिल्टर नंतर उघडून बदलता येतात, त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर आधी नवी घ्या.

७. मग रंग: ह्यू-सॅच्युरेशन

कर्व्ह्जच्या वर, त्याच ग्रुपमध्ये, ह्यू-सॅच्युरेशन. ह्यू उणे ३३. ड्रॉपर आधीच्याच जागी टेकवून आकडे वहीतल्या मरूनशी ताडून बघा. सॅच्युरेशन बहुतेक वेळा वाढवावं लागत नाही, उलट दहा-पंधरा कमी करावं लागतं. लाइटनेसला हात लावू नका; उजेड कमी-जास्त वाटला तर खाली कर्व्ह्जमध्ये जा. प्रत्येक आकडा आठ-दहाच्या फरकात आला की थांबा. त्याहून काटेकोर जाण्यात अर्थ नाही, कारण खुद्द कातडंच दर जोडाला थोडं वेगळं असतं.

'कलराइज'वर टिचकी मारायचा मोह होईल. ती सोय सगळीकडे एकच ह्यू आणि एकच सॅच्युरेशन फासते. कातड्याचं सौंदर्य त्याच्या असमानतेत असतं: कडेला थोडं गडद, मध्ये थोडं पिवळट. कलराइजने ते जातं आणि चप्पल रबराची दिसते. जिथे मुळात रंगच नाही, म्हणजे करड्या वस्तूंना, तिथेच ते कामाचं.

आता चमक. कातड्यावरची किंवा प्लास्टिकवरची चमक वस्तूच्या रंगाची नसते, उजेडाच्या रंगाची असते. मरून चपलेवरचा चमकीचा ठिपका पांढरटच हवा, गुलाबी नको. ह्यू-सॅच्युरेशन लेअरच्या नावाशेजारच्या रिकाम्या जागी डबल क्लिक करा, 'ब्लेंड इफ'मध्ये 'अंडरलाइंग लेअर'ची उजवी खूण ऑल्ट दाबून दोन भागांत फोडा आणि साधारण २०० व २४५ वर ठेवा. रंग चमकीपाशी हळूहळू विरतो. सोन्याचं मात्र उलट असतं. कोल्हापुरी साजाच्या फोटोत चमकही सोनेरीच असते, कारण धातू उजेडाला स्वतःचा रंग देऊनच परत पाठवतो. तिथे ही युक्ती वापरू नका.

८. अवघड रंग

काळा करायचा असेल तर सॅच्युरेशन बरंच उतरवा, पण शून्य नको. किंचित तपकिरी राहिला तर कातडं वाटतं. कर्व्ह्जने सपाट भाग ३५ ते ५० च्या दरम्यान आणा. शून्यावर नेला तर वेणीचे पदर एकमेकांत बुडतात आणि डांबर होतं. काळ्या चपलेला आकार चमकीमुळे येतो, म्हणून ती १५० च्या वर ठेवा.

पांढऱ्या वस्तूला रंग द्यायचा तर ह्यूची पट्टी हलवून काहीच होणार नाही, कारण फिरवायला रंगच नाही. सॉलिड कलरचा लेअर टाका आणि मोड 'मल्टिप्लाय' करा. पांढरा भाग तुम्ही निवडलेल्या रंगाचा होतो आणि सावल्या आपल्या जागी राहतात.

पिवळ्याचा निळा हा चपलेपेक्षा फेट्यांच्या फोटोत येणारा प्रश्न. लग्नात चाळीस जण पिवळ्या फेट्यात आणि नवरीकडच्यांना नंतर वाटतं निळा बरा होता. एचएसएलच्या (ह्यू, सॅच्युरेशन, लाइटनेसच्या) हिशोबात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोघांचाही लाइटनेस ५० टक्के. डोळ्याला मात्र पिवळा पांढऱ्याच्या ९३ टक्के उजळ असतो आणि निळा जेमतेम ७ टक्के. म्हणून ह्यू फिरवला की फेट्याच्या घड्या काळ्या पडून त्यात दाणे उठतात, आणि 'कलर' मोडने केला तर उजेड पिवळ्याचाच राहून फिक्कट आकाशी फेटा मिळतो. इथेही वाट तीच: आधी कर्व्ह्जने मधल्या उजेडावर आणा, मग रंग. आणि आधीच सांगून ठेवा की गर्द निळा मिळणार नाही, मोरपंखी मिळेल.

९. आजूबाजूचा जुना रंग

चप्पल मरून झाली, कड स्वच्छ आहे, तरी काहीतरी खटकतं. खाली कागदाकडे बघा. टॅन कातड्यावरून परतलेला तांबूस उजेड तिथे पडलेला आहे. जोडातल्या एका चपलेचा उजेड दुसरीच्या आतल्या कडेवरही असतो. ग्रुपच्या बाहेर, त्याच्या खाली, वेगळा ह्यू-सॅच्युरेशन लेअर घ्या. ह्यू तेवढाच सरकवा, मास्क पूर्ण काळा करा आणि मऊ ब्रशने ३० टक्के ओपॅसिटी ठेवून फक्त त्या तांबूस पट्ट्यावर फिरवा. दोन मिनिटांचं काम खरं तर हेच आहे, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

> तपासा: सगळ्यात वर 'ब्लॅक अँड व्हाइट'चा लेअर टाकून बघा. रंगाविना चप्पल खरी वाटत नसेल तर चूक उजेडात आहे, कर्व्ह्जकडे परत जा. कृष्णधवल ठीक वाटतं पण रंगीत खटकतं, तर ह्यू-सॅच्युरेशनकडे. मग तो लेअर काढा, चहा घेऊन या आणि खरा जोड स्क्रीनशेजारी दिवसाच्या उजेडात धरून पुन्हा बघा. सलग अर्धा तास मरून बघितलेल्या डोळ्याला सगळंच बरोबर वाटतं.

शब्द लिहून रंग बदलून देणारी एआय साधनं वेळ वाचवतात हे खरं, पण ती रंग बदलत नाहीत, तो भाग नव्याने काढतात. वेणीचे पदर चाराचे पाच होऊ शकतात. विकायच्या वस्तूला ते चालत नाही. वापरलंतच तर मूळ फोटो शेजारी ठेवून टाके मोजा.

१०. फाइल देताना

लेअरसकट पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाइल) जपून ठेवा. वेबसाठीची प्रत काढताना 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'मधून एसआरजीबी (वेबवर चालणारी नेहमीची रंगपद्धत) निवडा, मग ८ बिट, मग जेपेग. शेजारीच 'असाइन प्रोफाइल' असं दिसेल, ते नव्हे. त्याने आकडे तेच राहतात आणि दिसणारा रंग बदलतो. अॅडोबी आरजीबीमध्ये राहिलेली फाइल बऱ्याच ठिकाणी फिकी दिसते आणि "तुझा मरून विटला" असा फोन येतो. दुकानदारालाही फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

पुढच्या जोडाचे फोटो त्याच जागी, त्याच उजेडात काढले असतील तर मरूनचा ग्रुप उचलून नव्या फाइलवर ओढा. मास्क नव्याने करावा लागेल. ह्यूचा आकडा बहुधा तोच चालतो, कर्व्ह्जचा बिंदू मात्र नव्या फोटोतलं वाचन बघून सरकवा.